दोन रिंगांचं गोल जाळं: जाळं ठेवा, चाऱ्याची पिशवी बदला

ऑनलाइन 'खेकडा जाळं' नाहीतर 'झिंगा नेट' शोधलं की एक माल हमखास समोर येतो. दोन लोखंडी रिंगा, मधे हिरवी किंवा काळी नायलॉनची जाळी, वर तीन दोऱ्या आणि सोबत चारा ठेवायला चेनची छोटी पिशवी. त्याच मालाचं हे परीक्षण. एकाच साच्यातलं जाळं चार नावांनी विकलं जातं, म्हणून नाव बघू नका, मापं बघा. वरची रिंग साठ सेंटिमीटरची असेल तर एक जाळं सातशे ते नऊशे रुपयांना पडतं. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे छोटी तळी, आणि नहराच्या कडेचे डोह यांत खेकडे-झिंगे काढायला ते चालतं का? चालतं, आणि चांगलं चालतं. पण पेटीतून काढलं तसंच पाण्यात सोडलं तर चारा संपतो आणि जाळं रिकामं येतं. त्यात जाळीचा दोष नाही, चारा बांधायच्या सोयीचा आहे.

हे जाळं मुळात समुद्रातल्या शेवंडीसाठी (लॉबस्टर) आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हौशी लोक अशाच जाळ्यात बांगडा किंवा माकुळ (स्क्विड) बांधून रात्री शेवंडी काढतात. तिथला नियम असा की दर दोन तासांच्या आत जाळं वर काढून तपासलंच पाहिजे. प्रत्यक्षात तितका वेळही कोणी थांबत नाही, कारण हे जाळं म्हणजे पिंजरा नाही. त्याला दार नाही, आत शिरून अडकायची वाट नाही. तळाला ते सपाट पसरून पडतं, मधे चारा असतो, जनावर चालत येतं, खात बसतं, आणि तुम्ही दोर ओढला की वरची रिंग आधी उठून त्याच्याभोवती टोपली तयार होते. म्हणजे उचलायच्या क्षणी जनावर बरोबर मध्यभागी हवं. ते मधे आणायचं आणि मधेच थांबवायचं काम एकट्या चाऱ्याचं. चारा कुठे बांधला, कसा बांधला, यावर सगळा हिशेब आहे.

आधी सांगाडा बघू. विक्रेते 'मजबूत लोखंडी रिंग' एवढंच लिहितात, गजाची जाडी लिहीत नाहीत. ६ मिमीचा गज मीटरला साधारण २२२ ग्रॅम भरतो. साठ सेंमी रिंगेला १.८८ मीटर गज लागतो, तीस सेंमी रिंगेला ०.९४ मीटर. म्हणजे दोन्ही रिंगा मिळून सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास वजन यायला हवं. स्वस्तातल्या मालात ४ मिमीची तार असते आणि दोन्ही रिंगांचं वजन जेमतेम २८० ग्रॅम भरतं. असं जाळं तलावात सोडलं की जाळीत अडकलेल्या हवेमुळे तरंगत, डुलत खाली जातं आणि एका कडेवर टेकतं. तळाला शेवाळ असेल तर वरची रिंग शेवाळावर, खालची गाळात, असा प्रकार होतो. माल हातात आला की आधी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा. जाळीसकट पाचशेच्या खाली असेल तर परत करा, नाहीतर तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याकडून खालची रिंग ८ मिमी गजाची करून घ्या. तेवढ्या एका बदलाने वजन दुपटीच्या जवळ जातं, जाळं सरळ खाली बसतं आणि उचलताना तळ ताणलेला राहतो. वरची रिंग बदलायची गरज नाही. काही मालात रिंग पोकळ नळीची असते, ती घेऊच नका. जोडातून पाणी आत शिरतं आणि आतून गंजत जातं, बाहेरून कळतही नाही.

वेल्डिंगचा जोड बोटाने चाचपून बघा. टोक उभं राहिलेलं असेल तर जाळी तिथेच कापली जाते. कानस मारून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की काम झालं.

जाळीच्या डोळ्याचं माप फसवं असतं. 'दोन सेंटिमीटर' लिहिलेलं असतं, पण ते कधी एका बाजूचं असतं, कधी ताणून धरलेल्या पूर्ण डोळ्याचं, म्हणजे बाजू फक्त एक सेंमी. खेकड्याला बाजू २० ते २५ मिमी बरी पडते. बारीक खेकडे आपोआप गळून जातात आणि ओढताना पाणी लवकर निथळतं. झिंग्याला मात्र १० ते १२ मिमी हवी, नाहीतर मधल्या आकाराचा झिंगा शेपटीकडून सटकतो. बारीक डोळ्याची अडचण अशी की ओढताना ती पाणी अडवते, जाळं जड लागतं, वेग कमी पडतो. दोन्हींसाठी एकच जाळं घ्यायचं तर बाजूंना १२ मिमी आणि तळाला २५ मिमी अशी जोड करून घ्यावी. तळातून पाणी खाली पडतं, आणि झिंगा सहसा तळातून नाही, कडेवरून पळतो. जाळी पिळाच्या धाग्याची घ्या. एकेरी पारदर्शक तंगूस असेल तर खेकड्याच्या नांगीपुढे ती एक हंगामही टिकत नाही.

आता पिशवीकडे. सोबत येणारी चाऱ्याची पिशवी म्हणजे दहा बाय पंधरा सेंमीची नायलॉनची थैली, एका बाजूला चेन, दोन कोपऱ्यांना प्लास्टिकचे आकडे. आकडे जाळीच्या तळाला कुठेही अडकवा, असं माहितीपत्रक सांगतं. इथेच बिघडतं.

पहिली गोष्ट, दोनच आकडे असल्याने थैली एका बाजूने मोकळी राहते. जाळं खाली जाताना ती पाण्याच्या जोराने वर उलटते आणि तळाला टेकली की रिंगेच्या कडेला पडते. मग खेकडा रिंगेच्या बाहेर बसून फक्त नांगी आत घालतो आणि निवांत खातो. दोर ओढला की तो बाहेरच राहतो. दुसरी गोष्ट, थैलीचं कापड दाट आहे. छिद्रं दोन-तीन मिलिमीटरची, त्यावर चरबी बसली की ती बुजतात आणि वास बाहेर पडणं थांबतं. समुद्रात प्रवाह असतो, तिथे हे खपून जातं. तलावाचं पाणी उभं असतं, वास आधीच सावकाश पसरतो, त्यात अशी थैली म्हणजे चारा डब्यात बंद केल्यासारखा. तिसरी, चेन. माशाचा एक खवला दातात बसला की ती अडकते, आणि अंधारात ओल्या हातांनी ती उघडणं म्हणजे डोक्याला ताप. चौथी आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की थैली थेट तळाच्या जाळीवर बसते, त्यामुळे गाळातून येणारा खेकडा खालूनच जाळीच्या डोळ्यातून खायला लागतो. जाळं वर येतं तेव्हा थैलीला भोकं आणि आत कोणी नाही.

यावर उपाय कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) वेल्डेड जाळीचा. ३६ बाय २१ सेंमीचा तुकडा कापा. लांबीत १५, ३, १५ आणि ३ सेंमीवर खुणा करा. पहिले १५ सेंमी म्हणजे डबीचा तळ, नंतरचे ३ पाठ, पुढचे १५ झाकण, शेवटचे ३ झाकणाची पुढची पट्टी. रुंदीत दोन्ही बाजूंना ३-३ सेंमी सोडा. तळाच्या भागाला या बाजूच्या पट्ट्या ठेवा, बाकी सगळीकडच्या कापून टाका. पट्ट्या उभ्या दुमडा, पाठ उभी करा, झाकण वरून आणा, पुढची पट्टी खाली वाकवा. १५ बाय १५ बाय ३ सेंमीची चपटी डबी तयार. कोपरे बाइंडिंग तारेने शिवा आणि तारेची टोकं आत वळवा. बाहेर राहिली तर पहिल्याच उचलीत ती जाळीत गुंततात. झाकण बंद करायला सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन सेंमी रुंद कडी कापून डबीवर चढवायची. अंधारात, थंड हातांनी, एका हाताने उघडता येईल असं यापेक्षा सोपं काही नाही.

डबी बसवताना चारही कोपऱ्यांना नायलॉन दोरीचे चार तुकडे बांधा आणि खालच्या रिंगेला चार दिशांनी ताणून गाठ मारा. डबी रिंगेच्या बरोबर मधे, जाळीपासून दोन-तीन सेंमी वर लटकली पाहिजे. बोटाने ढकलून बघा, अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त सरकत असेल तर दोऱ्या ढिल्या आहेत. खाली खताच्या पोत्याचा १८ बाय १८ सेंमीचा तुकडा ठेवा, चाळणीसारखी भोकं पाडून, आणि तो तळाच्या जाळीला चार टाके घालून पक्का करा. त्याने दोन कामं होतात. खालून खाणारा खेकडा थांबतो, आणि मऊ गाळात डबी रुतत नाही. तुकडा यापेक्षा मोठा करू नका. मोठा केला की उचलताना तो पाणी धरतो आणि सगळं जाळं जड होतं.

ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी कांद्याच्या पोत्याची जाळी दुहेरी करून त्याची पुरचुंडी बांधावी. वास चांगला सुटतो, फुकट पडते. पण खेकड्याचं पाणी असेल तर एका रात्रीत तिच्या चिंध्या होतात. झिंग्यासाठी ती पुरेशी आहे. लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीला भोकं पाडून वापरणारेही आहेत. बरणीत हवा राहते आणि ती उलटी तरंगू पाहते, शिवाय जनावराला चारा तोंडात धरता येत नाही. वासावर येतं, बरणीला दोन धडका देतं आणि निघून जातं. थोडंफार खायला मिळालं तरच ते मधे बसून राहतं, हे कायम लक्षात ठेवावं.

दोर आणि लगाम. वरच्या रिंगेला तीन दोऱ्या असतात, त्या वर एका गाठीत मिळतात, हाच लगाम. तिन्ही सारख्याच लांबीच्या हव्यात. एक दोन सेंमीने जरी आखूड असली तरी रिंग तिरकी उठते आणि माल खालच्या बाजूने ओतला जातो. कारखान्यातून आलेल्या गाठी सरकत्या असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी मापून पक्क्या कराव्यात. साठ सेंमी रिंगेला प्रत्येक दोरी साठ-सत्तर सेंमीची बरी. गाठीच्या खाली थर्माकोलचा लिंबाएवढा तुकडा किंवा घट्ट बूच लावलेली औषधाची छोटी प्लास्टिकची बाटली बांधा. या मालात तो तरंगता तुकडा नसतोच, आणि तो नसला की जाळं तळाला टेकल्यावर तिन्ही दोऱ्या डबीवर गोळा होतात. झिंग्याच्या लांब नांग्या त्यात अडकतात, तो बिचकून मागे उडतो, आणि ओढताना एखादी दोरी रिंगेखाली सापडून जाळं उलटतं. पाच रुपयांची वस्तू, पण तिच्याशिवाय जाळं टाकूच नये.

सोबतचा दोर ४ मिमीचा पिवळा-निळा पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) असतो. तो पाण्यावर तरंगतो, उन्हात कडक होऊन तुटक होतो आणि ओढताना तळहाताला काचतो. ६ मिमीचा पिळाचा नायलॉन घ्या. तो बुडतो, त्यामुळे शिंगाड्याच्या आणि कमळाच्या वेलांत वरवर अडकत नाही. लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा एक-दीड मीटर जास्त. खुणेला एक लिटरची रिकामी बाटली, तिला पांढरं कापड किंवा चमकणारी पट्टी. रात्री तलावाच्या पाण्यावर हिरवी बाटली दिसत नाही.

चारा कोणता, यावर प्रत्येक गावात वाद आहेत. खेकडा मांसाच्या वासावर धावतो. चिकन सेंटरवर कोंबडीचे पंजे, माना आणि आतडी मिळतात. यांतले पंजे आणि माना घ्या, आतडी टाळा. आतड्यांचा वास सुरुवातीला जोरात सुटतो, पण कोमट पाण्यात तासाभरात ती विरघळून जातात, चरबी वर तरंगते आणि डबी चिकट होते. माशाची डोकी सगळ्यात चांगली. रोहू, कटला, नाहीतर तिलापियाचं डोकं उभं चिरून, कल्ल्यांसकट. कल्ल्यात रक्त असतं, आणि वास सगळा तिथेच. एका जाळ्याला २०० ते २५० ग्रॅम पुरे. जास्त कोंबलं तर पाणी आतून फिरत नाही. आदल्या रात्री किलोभर डोक्यांना दीडशे-दोनशे ग्रॅम जाडं मीठ चोळून ठेवलं तर मांस घट्ट होतं आणि दोनदा उचलूनही टिकतं. कुजलेला चारा कोणी सुचवला तर ऐकू नका. सडका तुकडा पहिल्याच धक्क्याला विरतो, हाताला आणि जाळ्याला दिवसभर घाण येते, आणि झिंगा त्याकडे फिरकत नाही.

झिंग्याचा हिशेब वेगळा. तो वनस्पतीचंही खातो, मांसही खातो, आणि तोंड बारीक असल्याने कुरतडायला सोपं लागतं. त्यासाठी ढेप उत्तम. शेंगदाण्याची किंवा जवसाची ढेप ३०० ग्रॅम, भाताचा कोंडा ३०० ग्रॅम, आठवडी बाजारातली सुकट भाजून कुटलेली ५० ग्रॅम, आणि बांधायला भाताची घट्ट पेज. मळून शंभर-शंभर ग्रॅमचे गोळे करायचे आणि दोन तास सावलीत वाळवायचे. सरकीची ढेप घरात असते म्हणून लोक तीच घालतात. तिच्यात टरफलं जास्त, गोळा धरत नाही, पाण्यात पडल्या पडल्या फुटतो. गोळा कांद्याच्या जाळीत बांधून मग डबीत ठेवा, नाहीतर अर्ध्या इंचाच्या डोळ्यांतून कोंडा गळत राहतो आणि जाळ्यापेक्षा तळावरच जास्त पसरतो. बारीक मासोळ्या या चाऱ्यावर तुटून पडतात. दिवसाउजेडी टाकलं तर झिंगा येण्याआधीच गोळा संपलेला असतो. झिंगा रात्रीचा प्राणी, अंधार पडल्यावर दोन-तीन तास हीच त्याची खरी वेळ.

टाकायची जागा: मामा तलावात पाळीच्या म्हणजे बांधाच्या दगडांलगत, सांडव्याजवळ, आणि जिथे बेशरमाची मुळं पाण्यात उतरतात तिथून दीड-दोन मीटर आत. मुळांतच टाकलं तर रिंग अडकते. पाणी एक ते दोन मीटर खोल, तळ टणक. पाच-सहा जाळी आठ-दहा मीटरच्या अंतराने ओळीत टाकली की शेवटचं टाकून होईपर्यंत पहिलं उचलायची वेळ होते. खेकड्याला वीस मिनिटं, झिंग्याला तीस. यापेक्षा जास्त ठेवून उपयोग नाही. चारा संपला की जनावर निघून जातं, त्याला अडवणारं काही नाही. रात्री टाकून सकाळी काढू म्हणणाऱ्यांनी हे जाळं घेऊच नये.

उचलणं ही अर्धी विद्या. आधी दोरातला ढील हळूच गोळा करा, इतका हळू की लगाम नुसता ताणला जावा, रिंग हलू नये. मग एक जोरकस झटका, आणि लगेच न थांबता हातावर हात टाकत ओढत राहा. दोन मीटर पाणी चार-पाच सेकंदांत पार झालं पाहिजे. झिंगा घाबरला की शेपूट पोटाखाली आपटून मागच्या बाजूला उडतो. रिंग वर उठली असेल तर तो जाळीवर आदळतो आणि आतच राहतो. रिंग अजून तळाला असेल तर तो बाहेर. रिंग उचलायची सुरुवातच हळू आणि मग जोर, असं केलं की नेमका झिंगा जातो. खेकड्याला एवढी घाई नसते, तो जाळी धरून लटकतो. उलट जाळ्यातून काढताना तोच जास्त वेळ खातो. ओढू नका, जाळं ओल्या पोत्यावर उपडं ठेवा, तो स्वतः सोडतो.

डोंग्यावरून (लहान होडीवरून) उचलायचं तर डोंगा थेट बाटलीच्या वर आणावा. पाळीवरून उचलायची अडचण अशी की दोर तिरका येतो, जाळं तळावरून फरफटत कडेला येतं आणि वाटेत सगळं सांडतं. त्यासाठी तीन मीटरचा सरळ बांबू, टोकाला लोखंडी कडी, कडीतून दोर. बांबू पाण्यावर आडवा धरून दोर ओढला की जाळं सरळ वर येतं. बांबू टेकवायला पाळीवर दोन दगड किंवा फांदीची कात्री लागते, कारण ओलं जाळं आणि आतला माल मिळून वजन बरंच भरतं. विक्रेत्याच्या फोटोत माणूस पुलावरून हसत जाळं ओढताना दिसतो. फोटोतला तो पूल आपल्या बोडीवर नाही.

हंगामाचं थोडक्यात. खेकड्यासाठी पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सरस. धानाच्या बांध्यांतून पाणी उतरू लागलं की धुऱ्यांच्या (शेताच्या बांधांच्या) बिळांतले खेकडे नहर आणि बोडीकडे सरकतात. डिसेंबर-जानेवारीत उथळ पाणी गार पडलं की खेकडे बिळात आणि झिंगे सुस्त. जंबो झिंग्याला (गोड्या पाण्यातला मोठा झिंगा) २६ ते ३१ अंश पाणी मानवतं, त्याखाली तो खाणं कमी करतो. अशा रात्री जाळं रिकामं आलं तर चाऱ्याला दोष देऊ नका.

झिंग्याबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्या. जंबो झिंग्याच्या पिलांना वाढीच्या सुरुवातीला खारवट पाणी लागतं, त्यामुळे आपल्या तलावात तो स्वतःहून पिढी वाढवत नाही. मत्स्य सहकारी संस्थेने बीज सोडलं तरच तो तिथे असतो, आणि सोडल्यावर विक्रीच्या आकाराला यायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे त्या पाण्यातला प्रत्येक जंबो झिंगा कोणाच्या तरी पैशाचा आहे. गावातला तलाव संस्थेकडे ठेक्याने असेल तर आधी विचारा. नवेगाव-नागझिरा किंवा ताडोब्याच्या राखीव क्षेत्रातल्या पाण्यात तर जाळं न्यायचंच नाही.

जाळ्यात न मागितलेले पाहुणेही येतात. शिंगी माशाचा काटा लागला तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून आत हात घालण्याआधी बॅटरी मारा. माशाच्या वासावर पाणदिवडही येऊन बसते. तिला विष नसलं तरी ती चावते. कासव आलं तर तसंच पाण्यात सोडा, ते धरणं कायद्याने गुन्हा आहे. खेकड्याची मादी उलटी करून बघा. पोटाखालच्या रुंद पडद्यात अंडी किंवा बारीक पिलं दिसली तर तिलाही परत सोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिलं थेट आईच्या पोटाखालूनच बाहेर पडतात, म्हणजे एक मादी उचलली की पुढच्या वर्षीचे खेकडे घटलेच. यात या जाळ्याची एक जमेची बाजू आहे: सगळं जिवंत येतं, जिवंत सोडता येतं. बाजारात मिळणारा छत्रीसारखा उघडणारा पिंजरा याच्या तुलनेत जास्त माल देतो, रात्रभर ठेवता येतो, आळशी माणसाला सोयीचा आहे. पण त्यात शिरलेलं कासव श्वासाला वर येऊ शकत नाही, आणि दाटीत मोठे झिंगे लहान झिंग्यांचे पाय तोडतात. ज्याला पोत्याने माल हवा त्याने पिंजरा घ्यावा. घरच्या कालवणापुरता हवा असेल, निवडून हवा असेल, तर हे जाळं.

धरलेले खेकडे पाण्याच्या बादलीत ठेवू नका. कोंडलेल्या पाण्यात हवा संपते आणि ते मरतात. ओल्या पोत्यात, सावलीत, ते सकाळपर्यंत टिकतात. झिंगे लगेच बर्फात, नाहीतर डोकं काळं पडायला लागतं. उरलेला चारा तलावात फेकू नका, त्या पाण्यावर बैलं येतात आणि बायका कपडे धुतात.

टिकाऊपणाबद्दल बोलायचं तर रिंगेवरचा मुलामा पातळ आहे, पण आपल्याकडे खारं पाणी नाही, त्यामुळे रंगाचा एक हात मारला की गंजाची चिंता बरीच कमी होते. जाळी आधी जाते ती रिंगेला गुंडाळलेल्या ठिकाणी, घासून. तिथे नव्या धाग्याने दर बोटभर अंतरावर गाठ मारून घ्यावी, एक सुटली तरी पुढची धरते. कारखान्याचा टाका सलग असतो, एका जागी तुटला की सगळा उसवत जातो.

पाच जाळी मागवायची असतील तर आधी एकच मागवून वजन करा. बाकीची चार त्याच मापाने गावात बनवून घेणं स्वस्त पडतं. गज आणि वेल्डिंग तालुक्याला होतं, आणि जाळी विणणारे हात ढिवर मोहल्ल्यात अजून आहेत. त्यांना नुसतं डोळ्याचं माप सांगायचं, बाकी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

एक शेवटचं, ठेवण्याचं. जाळं साध्या पाण्यात खळखळून सावलीत वाळवा, डबी मात्र राखेने घासा. धुतल्यावरही माशाचा वास थोडा राहतोच. तसंच ते धानाच्या कोठीशेजारी किंवा घराच्या माळ्यावर ठेवलं तर उंदीर दोन रात्रींत जाळी कुरतडून ठेवतात. गोठ्यात, आढ्याला गुळगुळीत तारेने, भिंतीपासून हातभर दूर टांगा.